बन्सीलालची आयडी

सरलाबाईंचा कुलपांवर फार जीव. भेस्तानच्या त्या दोन खोल्यांत चोर शिरलाच, तर दया येऊन चार भांडी ठेवून जायचा. तरीही पेटीला कुलूप, कपाटाला कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. बाजाराला निघाल्या की अर्ध्या गल्लीतून परत येऊन कडी ओढून बघणार. नवरा योगराज जवळच्या सचिन गावात कापडाच्या लूमवर कामाला. तो म्हणायचा, "हाई बाई सपनमाबी कुलूप लावस."

लपवण्यासारखी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती पेटीत नव्हती. मुलीच्या, मयुरीच्या पाठीवर पांढरा डाग होता. एकाचं दुसऱ्याला लागणारं काही नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. औषध लागू पडतंय का ते कळावं म्हणून दर महिन्याला फोटो काढायला लावला होता. सरलाबाई दार लावत, खिडकीला साडी बांधत आणि मग फोटो काढत. मोबाईल आपला, आपल्या हातात, मग भीती कसली?

अशात समोरच्या शोभाबाईंनी आपल्या भाच्याचं स्थळ आणलं. शुभम नाव, इच्छापोरला कंपनीत नोकरी. रविवारी पाहायला येणार होते. मयुरीनं आईकडून वचन घेतलं होतं, "डागाचं मी सांगणार. पहिल्याच भेटीत, माझ्या तोंडानं. त्याआधी कोणी बोलायचं नाही." सरलाबाईंनी मान डोलावली, पण तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

बुधवारी दुपारी त्या साड्यांचे धागे कापत बसल्या होत्या. मोबाईलनं टुणकन आवाज करून मागच्या वर्षीची आठवण दाखवली. पाळण्यात बाळ! शोभाबाईंचा नातू, त्याचं बारसं. सरलाबाई त्या बारशाला गेल्याच नव्हत्या, त्या तेव्हा माहेरी शिंदखेड्याला होत्या.

"मयुरी, हाऊ फोटो आपला मोबाईलमा कसा उना?"

मयुरीनं बोट वर-खाली फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. "मम्मी, मोबाईल घेतला तेव्हा आयडी कोणाची टाकली?"

"बन्सीलालनी. तो ईमेल मांगे. मी सांगं, माले काय समजस, तूच टाकी दे."

बन्सीलालचं नाक्यावर मोबाईलचं दुकान. ज्याला ईमेल नाही, त्याच्या मोबाईलमध्ये तो खुशाल आपलीच आयडी टाकून देई. गिऱ्हाईक खूश, तोही मोकळा. त्यामुळे निम्म्या गल्लीचे फोटो वर क्लाऊडमध्ये एकाच जागी जमत होते आणि त्या आयडीवरच्या प्रत्येकाला सगळ्यांचे दिसत होते. पेटी एक आणि किल्ली घरोघर! सरलाबाईंना एवढं उमगलं आणि त्यांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

बन्सीलालला काहीच वाटलं नाही. "अरे मासी, टेन्शन मत लो. किसके पास टाइम है फोटो देखने का?" मयुरीनं त्याच्या काउंटरवर उभं राहूनच पाठीचे सगळे फोटो काढून टाकले आणि मोबाईल नव्या आयडीवर घेतला. "हो गया ना? खतम," तो म्हणाला.

खतम कसलं डोंबलाचं! फोटो पुसता येतो, पण ज्यानं पाहिला त्याचं काय करायचं? सरलाबाईंचा जीव टांगणीला लागला. गल्लीत दोन बायका कुजबुजताना दिसल्या की त्या चालता चालता थबकून कान देत. शोभाबाईंनी नुसतं जेवण झालं का विचारलं तरी त्या घाईनं आत जाऊन दार लावत. बारशाचा फोटो शोभाबाईंच्या मोबाईलमधूनच आला होता. जी वाट तिकडून इकडे येते, ती इकडून तिकडेही जाते. शनिवारी त्यांना राहवेना. त्या समोरच्या घरात गेल्या.

"शोभाबाई, तुमना मोबाईलमा मनी पोरना..."

शोभाबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. "फोटो दिवाळीलेच दखात मी. शुभमलेबी धाडी दिधात. मांगून कटकट नको. तो म्हने, माले काय अडचन नही. मंगच स्थळ आनं ना!"

सरलाबाई तिथंच पदर डोळ्याला लावून रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. जवळजवळ धावतच त्या घरी आल्या आणि दारातूनच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मयुरी भांडी घासत होती. तिचे हात थांबले. "त्यानं माझी पाठ पाहिली?"

"अवं, पन त्याले चालस."

"मला कोणी विचारलं? ते फोटो अजून आहेत त्याच्याकडे?"

हे विचारायचं सरलाबाईंना सुचलंच नव्हतं. "आते तो घरनाच व्हई ना," त्या म्हणाल्या खऱ्या, पण आपलंच बोलणं त्यांना कसंसंच वाटलं. मयुरी राखेच्या हातांनीच डोळे पुसत राहिली. इतके दिवस आपण दोघी एकाच गोष्टीला भीत होतो, असं सरलाबाईंना वाटत होतं. तसं नव्हतं, हे आता कळलं.

रविवारी पाहुणे आले. मयुरी पोहे घेऊन आली. शुभमच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बेटा, तुनं नाव काय?"

मयुरीनं ताट खाली ठेवलं आणि शुभमपुढे हात केला. "आधी तुमचा मोबाईल द्या."

योगराज पाहुण्यांना पाणी द्यायचा थांबला. शोभाबाईंनी तोंडाला पदर लावला. मोडलं, सरलाबाईंच्या मनात आलं, हातानं मोडलं पोरीनं.

शुभमचे कान लाल झाले. काय हवंय ते त्याला कळलं होतं. त्यानं मोबाईल उघडून तिच्या हातात दिला. तिनं फोटो शोधले, पुसले आणि पुसलेले जिथं जाऊन पडतात तिथूनही काढून टाकले. मग तिनं शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाईंनी ज्यातून फोटो धाडले होते तो आपला मोबाईल पुढे सरकवला.

दोन्ही मोबाईल परत देऊन ती समोर बसली.

"मी मयुरी," ती म्हणाली. "माझ्या पाठीवर पांढरा डाग आहे. आता विचारा."