तेल मुरलं

माझे भावोजी शिलाई मशीनचे मिस्त्री. मशीन उघडण्याआधी ते त्याला कान लावत. "खडखडतंय म्हणजे कुठेतरी घासतंय. तेल घाला, गप्प होईल," हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. माणूस एक नंबरचा हट्टी, पण ताईला कधी शब्दानं दुखवलं नाही.

लहानपणीच्या तापाने ताईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. शेवटी छाती उघडून धातूची झडप बसवली. मग ती शेजारी बसली की टिकटिक ऐकू यायची आणि ती ओशाळायची. भावोजी म्हणायचे, "थांब, दोन थेंब तेल घालतो."

"आधी स्वतःच्या जिभेला घाला," ताई म्हणायची.

घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि झडपेचा आवाज बदलला तर लगेच या. भावोजींनी मान डोलावली. आवाज बदलणं म्हणजे खडखडणं, असंच ते समजले. त्यांच्या धंद्यात दुसरं काही होतच नाही.

दोन वर्षांनी ताईला उलट्या लागल्या. आठवडाभर पोटात काही ठरेना, गोळीसुद्धा नाही. उलट्या थांबल्या आणि टिकटिकही मंदावली. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. भावोजींनी तिच्या पाठीला कान लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघ धाकटे, कशी गुळगुळीत चालतेय! बसली एकदाची नीट."

ताई म्हणाली, "तेल मुरलं वाटतं." आम्ही तिघंही हसलो. मीही हसले, ते अजून मनाला खातं.

तिसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "झडपेचा आवाज कधी कमी झाला?"

"मंगळवारी," भावोजी कौतुकाने म्हणाले. "आता मस्त चालतेय, साहेब."

डॉक्टर लिहायचे थांबले. झडपेत रक्ताची गुठळी अडकली होती, पाती हलत नव्हती. तातडीने पुन्हा ऑपरेशनला घेतलं, पण ताई काही हाती लागली नाही. भावोजी बाकावर बसून एवढंच म्हणत राहिले, "मी खूश झालो होतो गं. मंगळवारी मी खूश झालो होतो."

गेल्या महिन्यात माझं शिवणकामाचं मशीन खडखडायला लागलं. भावोजींनी ते उघडलं, पुसलं, तेलाची बाटली हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"खडखडू दे," म्हणाले. "ऐकू तरी येतं."

गिऱ्हाइकं म्हणतात, तेल घाल. मी तसंच चालवते.