माथ्यावरून मोजलेला चढ

देवरीच्या अलीकडचा तो चढ आठवला की माझं डोकं आजही फिरतं. तिथं मी सात दिवस वाहनं मोजली. ट्रकांमुळे महामार्गाची क्षमता किती घटते ते पाहायचं आणि त्यावरून चढावर ट्रकांसाठी वेगळी लेन द्यायची की नाही, हे ठरायचं होतं.

ती लेन माझ्याच घराला हवी होती. बायको सडक अर्जुनीहून देवरीच्या शाळेत शिकवायला जाते. तांदळानं भरलेला एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला निघाला की दोघं शेजारीशेजारी रांगतात, आणि मागे तिची एसटी अडकते. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी! मुर्रीला राहणाऱ्या तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यासाठी ती एकेक रजा जपत होती.

सर्वेक्षणाच्या साहेबांनी आम्हा मोजणाऱ्यांना बसवलं चढाच्या माथ्यावर, कारण तिथं मोहाच्या झाडाची सावली होती आणि चहाचा ठेला होता. मी म्हटलं, "साहेब, रांग तर खाली लागते."

"तू गाडियाँ गिन, दिमाग मत चला."

मी माथ्यावरच फॉर्म भरायला बसलो. साहेबांपेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

फॉर्मवर एक ट्रक म्हणजे तीन कार. तो मागच्या किती जणांना अडवून धरतो, त्याला रकानाच नाही. ट्रक जितके रेंगाळत, तितक्या कमी गाड्या तासाभरात आमच्यापर्यंत पोचत. आणि गाड्या कमी, म्हणून रस्ता मोकळा! अहवालात तसंच आलं: वाहतूक कमी, जादा लेनची गरज नाही. मोजणीच्या प्रत्येक कागदाखाली सही माझी होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी वरतं मोजून राहिले होते, तवा मी खालतं एसटीत बसून होती. मले कोनं मोजलं जी?"

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत लेटमार्कांपायी तिची एकही रजा उरली नाही. सासूबाईंना गोंदियाच्या दवाखान्यात मी नेलं. डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना बाहेर आणलं, तर त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि हातात बांगड्या नाहीत हे त्यांना कळलं.

"जवाई, पोरगी काऊन नाई आली?"

"रजा नाई भेटली," मी म्हटलं. सहीचं सांगायची हिंमत झाली नाही.