आमच्या साडूंची भीती

सगळ्या सोलापुरात विजेला आमच्या साडूंइतकं कुणी भीत नसेल, आणि धंदा मात्र त्यांचा विजेचाच. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या आल्या तेव्हा ते पुण्याला जाऊन महिनाभर शिकून आले, ते आणखी घाबरट होऊन. या गाड्यांत मागच्या सीटखाली मोठी बॅटरी असते, तिच्यापासून नारिंगी वायरी पुढे जातात आणि त्यांत माणसाला जागच्या जागी आडवा करण्याइतकी वीज असते. दुसरा मेकॅनिक छाती काढून सांगेल की आपण कशाला भीत नाही. साडू गिऱ्हाइकाला पहिलंच वाक्य ऐकवायचे, "मी लई भितो. म्हनून तर अजून हाय."

त्यांच्या भीतीचा थाट एखाद्या पूजेसारखा असे. आधी अंगठी, घड्याळ, गळ्यातली माळ खिळ्याला लटकायची. जवळ उभ्या राहणाऱ्यालाही तोच नियम. जेऊरचा एक नवा नवरदेव लग्नातली अंगठी काढेना, तर त्याला म्हणाले, "मग लांब हुबा ऱ्हावा. बायकूला अंगठी आन बोट दोन्ही लागत्यात." मग रबरी हातमोजे. ते मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडायची आणि फुगलेली बोटं एकेक करून गालाला लावून कुठे भोक तर नाही ना, हे बघायचं. मग बॅटरीचा सेफ्टी प्लग ओढून काढायचा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी चुकून परत बसवायला नको. त्यानंतर घड्याळ लावून दहा मिनिटं गप्प बसायचं, कारण प्लग काढला तरी आतली वीज लगेच मरत नाही. या दहा मिनिटांत ते चहासुद्धा घेत नसत. एकदा तो प्लग खिशात तसाच राहिला आणि हे अक्कलकोटला बारशाला निघून गेले. गाडीचा मालक दिवसभर दुकानासमोर बसून. संध्याकाळी परत आल्यावर ओशाळायचं सोडून त्यालाच म्हणाले, "पर गाडी कशी सुरक्षित व्हती की!"

एवढं भिणाऱ्या माणसाचं डोकं मात्र भलतंच तल्लख. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची गाडी दर चार दिवसांनी लाल दिवा दाखवून बंद पडायची. मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, अख्खी बॅटरी बदला. साडूंनी बॉनेटही न उघडता विचारलं, "शेठ, मागच्या सीटवर कोन बसतं?"

"कुनी न्हाय. टॉवेलचे गठ्ठे असत्यात."

सीटच्या बाजूला बॅटरीला वारं लागावं म्हणून एक जाळी असते. साडूंनी ती उघडली आणि आतल्या पंख्यातून कापसाच्या तुसाची चांगली हातभर गोधडी ओढून काढली. "बॅटरी मेली न्हाय, शेठ. तिचा जीव गुदमरलाय. तुमीच टॉवेल घालून मारताय की तिला!" पुढे हा किस्सा सांगताना त्यांना इतकं हसू यायचं की आमच्या मेव्हणीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गोष्ट पुरी करावी लागायची.

त्यांच्याच आग्रहाने मीही एक जुनी हायब्रिड घेतली. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी तिचा दिवा लागला. साडू आले. मी पायरीवर बसलो होतो. त्या दिवशी ते एकसारखे बोलत होते, चिंचोळीच्या कुठल्याशा गाडीबद्दल. बोलता बोलता त्यांनी सीट उचलली, झाकणाचे स्क्रू काढले आणि हात आत घातला. बोटात अंगठी होती. हातमोजे गाडीच्या टपावर पडले होते. आणि प्लग जिथल्या तिथे होता. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि मागे खेचलं.

आधी चिडले. मग त्यांची नजर अंगठीवर गेली. ते येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसले.

"भ्यायचंच इसरलो, पाव्हणं."

"होतं असं एखाद्या वेळी, अण्णा," मी म्हणालो.

"एकदा न्हाय. दोनदा दुकानाचा रस्ता चुकलोय. हिला सांगितलं न्हाय." पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं, ते साडूंनी त्या पायरीवर बसून आधीच ओळखलं होतं. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "आजपास्नं मला असल्या गाडीला हात लावू द्यायचा न्हाय. मी भांडंन, शिव्या दीन. तरीबी न्हाय. शबूद द्या."

मी दिला. आठ दिवसांत त्यांनी दुकान बंद केलं.

महिन्यापूर्वी ते दोघं आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या गाडीचा दिवा पुन्हा लागला होता. साडूंनी बाह्या सरसावल्या आणि पाना मागितला. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग गाडीच्या दाराशी आडवा उभा राहिलो, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "तीस वरीस ह्यात घालीवली मी. आन तुमचा माज्यावर इस्वास न्हाय व्हय?" शेजारचे लोक बाहेर आले. साडूंनी मला नको नको ते ऐकवलं. हा शब्द तुम्हीच माझ्याकडून घेतलात, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर त्या पायरीवर जे त्यांना एकदा कळलं, तेच पुन्हा नव्याने कळलं असतं. त्यापेक्षा मीच वाईट ठरलेला परवडला. चहा न पिता ते निघून गेले. मेव्हणीबाई मागे वळून फक्त एवढंच म्हणाल्या, "बरं केलंसा."

पुढच्या रविवारी साडू हसत हसत दारात हजर. "पाव्हणं, लई दिवसांत गाठ न्हाय!" दोन कप चहा प्यायले, टॉवेलवाल्याची गोष्ट अर्धी सांगितली. भांडणाचा त्यांना पत्ताच नव्हता. माझी सुटका झाली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण ते आले नसते, माझ्यावरचा राग धरून घरी बसले असते, तर मला जास्त आनंद झाला असता.