शराफत-बुवीचा पाळणा

लाकूड दिसलं की कासिमजानचे हात शिवशिवायचे. हे अर्ध्या मार्गिलान शहराला माहीत होतं, आणि त्याच्या बायकोला तर जरा जास्तच. रेशमाच्या गिरणीत त्याने एकतीस वर्षं मागांची दुरुस्ती केली. दिवसभर लोखंडाशी झटापट करून घरी आला की हात धुऊन तो परसातल्या छपरात शिरायचा आणि रंधा हातात घ्यायचा. सुतारकाम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा घरात टेकायला एक धड वस्तू नव्हती, म्हणून पाडलेल्या शाळेची दारं आणून त्याने अंगणात पहिलं तक्तपोस, म्हणजे बसायची मोठी लाकडी चौकी, ठोकलं. पहिल्याच जुम्याला सासरे त्यावर बसले आणि चहाच्या किटलीसकट जमिनीवर आले. उठून कपडे झटकत ते म्हणाले, "जावईबापू, दिलेली मुलगी काही मी परत मागत नाही. पण यापुढे मला सतरंजी घाला."

दुसरं तक्तपोस अजून द्राक्षांच्या मांडवाखाली आहे. बारा माणसं पुलावाच्या परातीभोवती बसली तरी ते हूं की चूं करत नाही. त्यानंतर घरातली बैठी मेजं, रजया रचायची फडताळं, लेकीच्या लग्नातली पेटी, फाटकाची दोन्ही दारं, सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं. आणि केलेलं कधी सुखाने नांदू दिलं नाही. दर वसंतात एकेक वस्तू अंगणात यायची, तासली जायची, घासली जायची, तेल पिऊन परत आत जायची. शेजारी म्हणायचे, कासिमजानकडे स्टूल दुरुस्तीला दिलं की कपाट होऊन परत येतं, तेही ईद उलटून गेल्यावर. खैरीनिसा, त्याची बायको, म्हणायची, "मी जरा वेळ एका जागी गप्प बसले ना, तर हे मलाही पॉलिशपेपर मारतील."

असा निरुपद्रवी माणूस. पण साठी उलटल्यावर याच खोडीने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं.

झालं असं. त्याची लेक दिलनवाज लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं अकरा दिवसांचं होऊन गेलं. त्या दुसऱ्याच्या वेळी रीतीप्रमाणे आईबापांनी पाळणा नेला होता, बाजारातला कोरा, सोनेरी फुलांचा. बाळ त्यात दोन दिवस निजलं. मग तो पाळणा कोठीत रिकामा पडून राहिला, आणि दिलनवाज त्या कोठीच्या दारावरून जायची टाळायची.

आता तिसरी मुलगी झाली होती. नाव ठेवलं तुर्सुनॉय, म्हणजे 'राहो'. ज्या घरात लेकरं राहत नाहीत तिथे हेच नाव ठेवतात. मुलगी गुटगुटीत होती, डॉक्टरीण म्हणाली काही काळजी नाही. पण दिलनवाजने तिला महिनाभरात एकदाही मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. बसल्या बसल्या डुलकी काढायची, तीही बाळाच्या छातीवर हात ठेवून. दचकून उठायची, बाळाच्या नाकापुढे बोट धरायची. तिचे डोळे खोल गेले, दूध आटायला लागलं. तिची सासू मस्तुरा कडक बाई, पण तीही हबकली. तिने व्याह्यांना निरोप पाठवला, "कुदा, नवा पाळणा आणू नका. ज्यात लेकरं जगली असा आणा." आणि दिलनवाज एवढंच म्हणाली, "शराफत-बुवीच्या पाळण्यात ठेवीन तिला. दुसऱ्या कुठल्याच नाही."

शराफत-बुवी म्हणजे कासिमजानच्या गल्लीच्या टोकाची सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी. त्या काळात घराघरातून एकदोन तरी लेकरं जायचीच, पण हिची आठच्या आठ जगली. आठही त्याच पाळण्यात वाढली. तो पाळणा मागायला लोक दुरून यायचे आणि म्हातारी दहातल्या नऊ जणांना वाटेला लावायची. खैरीनिसाला तिने दिला. मस्तुरा एका जुम्याला मुद्दाम येऊन तो पाहून गेली. जमिनीवर ठेवून डुलवायचा, वर धरायला आडवा दांडा. हिरवा, पोपडे निघालेला, कडा काळ्या पडलेल्या. पाहून तिचं समाधान झालं.

पाळण्याच्या गाद्या शिवायला खैरीनिसा तीन दिवस लेकीकडे निघाली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "सांध्यातली ही एक कूस खाचेत ढिली झालीय, तेवढी बसवा. ओल्या फडक्यानं पुसा. बास."

"बास," कासिमजान म्हणाला. आणि खरंच, तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

कूस बसवायला आजूबाजूचा रंग जरा खरवडावा लागला. हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली विटकरी लाल. त्याखाली पुन्हा हिरवा. आणि सगळ्यात खाली, बोटभर जागेत, तुतीचं लाकूड, मधासारखं पिवळं. कासिमजान त्याच्याकडे बघतच राहिला. एवढं देखणं लाकूड आणि त्यावर हे रंगांचं गाठोडं! मुलीसाठी काहीतरी करावं असं त्याला महिनाभर वाटत होतं. बायका गाद्या शिवत होत्या, काढे उकळत होत्या, तो नुसता चहा पीत होता. आता हातांना काम मिळालं. दोन दिवस त्याने जेवणाचंसुद्धा भान ठेवलं नाही. रंग उतरवला, किडीची भोकं भरली, तीन प्रकारचा कागद मारला, जवसाच्या तेलाचा हात दिला, वाळवला, पुन्हा दिला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, म्हणून आत एक कलिंगड ठेवून त्याने तो डुलवून पाहिला. कुरकूर नाही, लंगडणं नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं होतं ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी खैरीनिसा फाटकातून आत आली आणि तिच्या हातातलं गाद्यांचं बोचकं खाली पडलं.

"हे काय?"

"बघ तरी. ओळखू येतो का?" कासिमजान खुशीत म्हणाला.

"ओळखू येत नाही हीच तर बोंब आहे! अहो, काय केलंत हे? आठ लेकरांचं आयुष्य होतं त्याच्यावर, ते खरवडून काढलंत?"

"रंग होता गं. आयुष्य कुठलं?"

"तुमच्यासाठी रंग!" ती तक्तपोसाच्या कडेवर मटकन बसली. "मस्तुरा-कुदानं स्वतः येऊन पाहिलाय. परवा बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी हा बघून काय म्हणेल? बाजारातून कोरा उचलून आणला म्हणेल. तिचं जाऊ द्या. आपली पोरगी? ती आईच्या शब्दावर थांबलीय. हा चकचकीत पाळणा बघितला की तिला तो कोठीतलाच आठवणार. ती बाळाला खाली ठेवायची नाही हो. आधीच अर्धी झालीय."

आता कुठे कासिमजानच्या डोक्यात उजेड पडला. त्याने पाळण्याकडे पाहिलं. नवा दिसत होता. अगदी नवा. दोन दिवस त्याला फक्त लाकूड दिसलं होतं.

"परत हिरवा देतो," तो चाचरत म्हणाला. "वरून थोडा घासून जुना दाखवतो. जमेल मला."

"जमेल, माहितेय मला. आणि लेकीच्या तोंडावर खोटं बोलायला जमेल?"

कासिमजानने डोक्यावर टोपी ठेवली आणि गल्लीच्या टोकाला निघाला. गिरणीत साहेबांपुढे कधी मान खाली घातली नव्हती, पण त्या शंभर पावलांत त्याची पाचावर धारण बसली होती.

शराफत-बुवी काठी टेकत आली. पाळण्याभोवती एक फेरी मारली, वाकून बुडाकडून पाहिलं, मग सरळ उभी राहिली.

"कासिम, मी तुला पाळणा दिला होता. सोलायला बकरा नव्हता दिला."

"चुकलो, बुवी."

"माझ्या सासूनं दिला होता तो लाल रंग. निळा माझ्या धाकट्या दिरानं दिला, पिऊन आला होता, निम्मा माझ्या चादरीवर सांडला. काढलास सगळा?"

"काढला, बुवी."

"गाढवा."

"हो, बुवी."

खैरीनिसा मध्येच रडायला लागली. रडत रडत तिने लेकीचं सगळं सांगितलं, नाकापुढे बोट धरण्यापर्यंत. म्हातारीने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पाळण्याच्या दांड्यावर हात ठेवला आणि लगेच उचलून बोटांकडे पाहिलं. "चिकट आहे."

"शेवटचा हात राहिलाय तेलाचा," कासिमजान म्हणाला. "तो फडक्यानं देत नाहीत. तळहातानं चोळतात. माणसाच्या हाताची ऊब लागली की तेल लाकडात उतरतं, मग निघत नाही."

"कुणाच्याही हाताची?"

"कुणाच्याही."

म्हातारीने काठी तक्तपोसाला टेकवून ठेवली. मग खैरीनिसाला म्हणाली, "डोळे पूस आणि फोन आण. माझ्या नबीजानला लाव आधी."

"कशाला, बुवी?"

"कशाला काय? माझी पोरं रंगावर जगली असती तर मी जन्मभर रंगच विकला असता. ज्यांना यानं वाढवलं ते आठही जण उभे आहेत अजून, उद्या येतील आणि चोळतील. लाव फोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आठही आले. थोरला नबीजान, बासष्ट वर्षांचा कसाई, दारातून तिरका होऊन आत शिरला. धाकटी मुकद्दस, शाळेत गणित शिकवणारी, अंदिजानहून दोन गाड्या बदलून आली. मधले सहा आपापली दुकानं, नातवंडं, गुडघेदुख्या सोडून आले. आईने बोलावलं म्हणजे यायचं, कारण विचारायचं नाही, ही त्या घराची पद्धत होती. कासिमजानने जवसाचं तेल कोमट केलं, प्रत्येकाच्या तळहातावर दोन दोन चमचे ओतलं आणि हात कसा फिरवायचा ते दाखवलं.

"मी यात मावत होतो?" नबीजान म्हणाला.

"तू नाही, तुझं डोकं मावत होतं," मुकद्दस म्हणाली. "बाकीचं बाहेर ठेवत असतील."

"जोरात चोळ," म्हातारी तक्तपोसावरून ओरडली. "बायकोची कणीक मळल्यासारखं काय करतोस?"

हसणं चाललं होतं, चहा चालला होता. पण हात फिरवता फिरवता एकेक जण गप्प होत गेला. नबीजानने ज्या दांड्याला धरून आई त्यांना झुलवायची तो दांडा दोन्ही मुठींत धरला, आणि बराच वेळ तो तसाच चोळत राहिला. कुणी त्याला चिडवलं नाही. संध्याकाळच्या नमाजाआधी लाकडाने सगळं तेल पिऊन टाकलं होतं.

पाळण्याचा दिवस उजाडला. दिलनवाजच्या सासरी दारात पांढरं कापड अंथरलं होतं. पाळणा घेऊन आलेल्यांच्या कपाळाला रीतीप्रमाणे पीठ लावलं गेलं. मस्तुरा हसत पुढे आली आणि पाळण्यावरची चादर सरकवून पाहताच तिचं हसणं मावळलं.

"कुदा," ती हळू आवाजात म्हणाली, "मी एकच गोष्ट मागितली होती."

तिच्या मागे उंबऱ्यावर दिलनवाज उभी होती, बाळाला छातीशी धरून. तिने ते पिवळं चमकणारं लाकूड पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. खैरीनिसाने बोलायला तोंड उघडलं, पण कासिमजानने तिला हाताने थांबवलं. चूक त्याची होती.

"तोच आहे," तो म्हणाला. "रंग मी काढला. मला विचारायची अक्कल झाली नाही. कूस बसवायला घेतली आणि थांबताच आलं नाही." पीठ लावलेल्या कपाळावर घाम फुटला होता. "मग बुवीनं तिची आठही पोरं बोलावली. काल माझ्या अंगणात त्यांनी हातांनी तेल चोळलं याला. नबीजाननं हा दांडा, मुकद्दसनं ही डोक्याकडची बाजू. आठही. मी मोजलेत. पोरी, मी तुला खोटं सांगणार नाही. वरचं मी काढलं. वाढलेली लेकरं याला परत हात लावून गेलीत."

मस्तुरा वाकली, तिने दांडा हुंगला.

"नबीजान म्हणजे कसाई? माझ्या भावाच्या वर्गात होता. गेल्या महिन्यात पाहिलं त्याला. बैलासारखा आहे अजून."

"आहे, कुदा. दारात अडकला होता."

मस्तुराने सुनेकडे पाहिलं. दिलनवाज उंबरा उतरून आली होती. तिने एक हात सोडवला आणि डोक्याकडच्या बाजूवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गुळगुळीत आहे, दादा," ती बापाला म्हणाली. "तिला टोचणार नाही." आणि तिने बाळ पुढे केलं.

कासिमजानचा जीव भांड्यात पडला. त्याला तिथेच खाली बसावंसं वाटलं, पण पुरुषांना अंगणातच थांबायचं असतं, म्हणून तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला. आत दृष्ट लागू नये म्हणून हरमलाच्या बियांचा धूर झाला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने बाळाला मुद्दाम उलटं धरलं, पाय उशीकडे, आणि विचारलं, "असं?"

"नाही!" साऱ्या बायका ओरडल्या.

"मग असं?"

"नाही!"

"असं?"

"असंच!"

बाळाला पाळण्यात धरून ठेवणारे पट्टे बांधले गेले, पाळणा डुलला. तुर्सुनॉय एकदा जोरात रडली, मग चोखल्यासारखा आवाज करत शांत झाली. डफ वाजू लागला, पुलावाच्या पराती आत गेल्या, खडीसाखर उधळली गेली, पोरं ती वेचायला एकमेकांवर पडली. बायका गाऊ लागल्या.

आणि अचानक डफ थांबला.

कासिमजानने टाचा उंच करून खिडकीतून आत पाहिलं. बाळ पाळण्यात झोपलं होतं, मूठ गालाशी. पाळण्याला टेकून, रजयांच्या ढिगावर डोकं कलंडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून दिलनवाजही झोपली होती. तिचे दोन्ही हात मोकळे पडले होते. वाजवणारीच्या हातातून डफ काढून घेऊन मस्तुरा मधोमध उभी होती.

"कुणी गाऊ नका," ती कुजबुजत सगळ्यांना दटावत होती. "जेवायचं ते बाहेर जाऊन जेवा. माझी सून झोपलीय."