एसीवाल्याचे सुमंतराव

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळींत सुमंत खांबेट्याला पंधरा वर्षं 'एसीवाला' म्हणूनच ओळखत. बायको मीनाक्षी चिप कंपनीत इंजिनिअर. तिच्या मागून आलेल्या ह्याला राउल नावाच्या मेक्सिकन मिस्त्रीनं हाताशी धरून धंदा शिकवला. दुरुस्तीला बोलावलं की मंडळी गॅरेजच्या दारानं आत घेत. पार्टीत दोघं जोडीनं गेली तरी लोक बोलत ते मीनाक्षीशी. हे त्याच्या मनाला फार लागायचं.

निवडणुकीला तो उभा राहिला तो मात्र राउलच्या हट्टानं. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात घराच्या माळ्यावर चढून एसी दुरुस्त करायचा म्हणजे भट्टीतच शिरायचं. कामगाराला अधूनमधून खाली उतरून सावलीत बसू द्यावं, पाणी द्यावं, एवढाच कायदा राउलला हवा होता. त्यासाठी तो दारोदार मतं मागत फिरला. सुमंत राज्याच्या विधानसभेवर निवडून आला आणि आमच्या मंडळींनी त्याचा लगेच 'सुमंतराव' करून टाकला. निर्लज्जपणाला काही मर्यादा?

राजीव देवस्थळी हे त्यांतलं बडं प्रस्थ. त्यांची भाड्यानं दिलेली घरंच डझनभर. सुमंतनं त्या कायद्याचं बिल मांडल्याबरोबर त्यांनी त्याला जेवायला बोलावलं.

"सुमंतराव, बिल चांगलंच आहे हो, पण टायमिंग बघा ना. कॉन्ट्रॅक्टर लगेच रेट वाढवतील. नेक्स्ट इलेक्शनचं फंडरेझर आम्ही होस्ट करतो."

जन्मात पहिल्यांदा ही माणसं त्याला आग्रह करकरून वाढत होती. तेवढ्यावर गडी विरघळला. समितीत मतदान आलं तेव्हा हा फोन कानाला लावून बाहेर जाऊन उभा राहिला. एका मताअभावी बिल पडलं. राउलला त्यानं सांगितलं, खूप भांडलो, पण कुणी ऐकलं नाही. राउलनंच उलट त्याची समजूत घातली.

जुलैत राउल एका माळ्यावर कोसळला. त्याला खाली आणलं तेव्हा सगळं संपलं होतं.

अंत्यविधीला राउलच्या बायकोनं सुमंतचे दोन्ही हात धरले. "तू एकटा भांडलास, राउल सगळ्यांना सांगायचा," ती म्हणाली. "आता तो कायदा त्याच्या नावानं कर."

भोवतीचे मिस्त्री आदरानं बघत होते. मीनाक्षीला खरं ठाऊक होतं; तिनं तोंड फिरवलं.

"नक्की करतो," सुमंत म्हणाला. त्या बाईनं सगळ्यांदेखत त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, आणि त्यानं घेऊ दिलं.