न दिसणाऱ्या ओढीचे बिराजदार सर

बिराजदार सरांची पहिली भेट झाली ती उन्हामुळं. होटगीला गाडीतून उतरून मी काही काम नसताना सोलापुरात आलो होतो. वाचनालयाच्या सभागृहात पंखे फिरताना दिसले, शिरलो. निवृत्त प्राध्यापक असलेले सर सांगत होते, की विश्वातलं बहुतेक द्रव्य दिसतच नाही, पण ते आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.

माझं डोकं सटकलं. एका बाबानं असंच 'न दिसणारं' सांगून माझ्या आईची औषधं बंद केली होती. तेव्हापासून असं कुणी बोललं, की त्यात अंगारा-गंडा तर नाही ना, म्हणून मी आधी त्याच्या हाताकडं बघतो.

सरांच्या हातात सुतळीला बांधलेला दगड होता. तो गरगर फिरवत ते म्हणाले, दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाच्या, कडेचे तारे इतक्या वेगात फिरतात, की दिसणाऱ्या द्रव्याची ओढ त्यांना पुरायचीच नाही. सुतळी तुटायला हवी, पण तुटत नाही.

मी उठून म्हणालो, "सर, आमचा बाबा बी हेच म्हणायचा की. दिसत न्हाय, पण हाय."

लोक हसले. सर हसले नाहीत. "तो कशानं खोटा ठरंल, हे बाबानं सांगितलं का?"

"न्हाय."

"मी कशानं खोटा ठरंन, ते मी सांगतो. बस."

मग त्यांनी सांगितलं, की कदाचित गुरुत्वाच्या ओढीचा नियमच एवढ्या अंतरावर चुकत असेल, तर कृष्णद्रव्याची गरजच नाही. शिवाय त्याचा कण अजून कुणाला सापडलेला नाही. प्रत्येक व्याख्यान सर असंच संपवतात.

व्याख्यानानंतर मला घरी नेऊन त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. (तशी चटणी मी नातेपुत्यापर्यंत शोधली, नाही मिळाली. असो.) आता हेही त्या बाबासारखं 'आईला घेऊन ये' म्हणतील, याची मी वाट बघत होतो. म्हणाले नाहीत. पुढंही कधी नाहीत. त्याचाही मला संशयच आला.

यंदा सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभात फ्लेक्स लागला, 'कृष्णद्रव्याचे गूढ उकलणारे'. सर मंचाच्या पायरीवरच थांबले. फ्लेक्स उतरवल्याशिवाय वर येणार नाही म्हणाले. संयोजक काकुळतीला आले. "सर, राहू द्या की. कुणाला कळतंय?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "त्याला कळतंय."

फ्लेक्स उतरला. दुसऱ्या दिवशी मी आपणहून आईला सरांकडं घेऊन गेलो.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. कृष्णद्रव्य सापडल्याची बातमी येईल तेव्हा सर ठणठणीत असोत, आणि आनंद करण्याआधी आम्ही दोघं मिळून तिच्यावर संशय घेऊ.