पहिला डबा

शिवाजी पेठेत रत्नव्वाचं चटणीचं कांडप तीस वर्षं चाललं, ते काय मशीनच्या जोरावर नव्हे. मशीनी काय, गल्लोगल्ली पडल्यात. पण कोल्हापुरात घरागणिक चटणी वेगळी, आणि बाई मिरच्या नि रिकामा डबा ठेवून बाजाराला गेली तरी तिच्या घरचं प्रमाण रत्नव्वाला तोंडपाठ. एका घरचं प्रमाण दुसऱ्या घरी जायचं नाही, हा तिचा कायदा. सख्ख्या जावांनी एकमेकींचं विचारलं तरी ती खेकसायची, "मिरच्या ठेव आन् गप जा की!"

गेल्या उन्हाळ्यात मात्र घोळ झाला. एका घरच्या चटणीत लवंगी मिरची दुप्पट पडली आणि त्या घरातली माणसं पंधरा दिवस बोंबलत होती. साठी उलटलेली, अक्षरओळख नाही, त्यात हे विसरणं. रत्नव्वा हबकलीच. डोकं दगा द्यायला लागलं, तर कांडप कशाच्या जिवावर चालवायचं?

थोरल्या बहिणीचा मुलगा शिवप्रसाद कॉम्प्युटरवाला. लहानपणी रत्नव्वाच्याच मांडीवर वाढलेला, मावशीला चिकव्वा म्हणणारा. त्यानं टॅब आणला, त्यात नोंदी ठेवायचं अॅप. पण उघडलं की नुसती नावांची यादी. "ह्या मुंग्या मला कशाला दावतोस रं?" रत्नव्वा वैतागली. मग पठ्ठ्यानं स्वतः बसून त्या अॅपला जोडायचं एक प्लगिन लिहिलं. यादी गेली, चौकोनात फोटो आले. प्रत्येक घरच्या डब्याचा फोटो. डब्यावर बोट ठेवलं की रत्नव्वाच्याच आवाजात त्या घरचं प्रमाण ऐकू यायचं. पहिल्या चौकोनात बहिणीचा पितळी डबा.

एक्केचाळीस घरांची प्रमाणं तिनं त्याच्यापुढं बसून बोलली. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कानावर घातली.

"कुणाला दावायचं न्हाय हं, शिवा."

"चिकव्वा, तुझ्या गळ्याची शपथ!"

यंदाच्या चैत्रात एकाही घरची चटणी चुकली नाही. आणि वैशाखात गडमुडशिंगीची चिमणाबाई आली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण हातात ना मिरच्या, ना डबा. नुसता मोबाइल. त्यावर तिच्याच पोचा पडलेल्या डब्याचा फोटो. तिनं बोट ठेवलं.

"चिमणाबाईची. ब्याडगी दोन किलो, लवंगी पावशेर. खोबरं तळायचं, भाजायचं न्हाय. आन् मूठभर कारळं. ह्ये कुणाला सांगायचं न्हाय."

"नातीला कॉलेजात कुणीतरी दावलं," चिमणाबाई म्हणाली. "माझ्या सासूनं मरताना सांगितलेलं ह्ये. मी सुनंला अजून सांगितलं न्हाय, रत्नव्वा."

मी न्हाय गं, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? आवाज तर तिचाच होता. चिमणाबाई पायरी उतरून गेली, तेव्हा रत्नव्वाला रडूसुद्धा फुटेना.

संध्याकाळी शिवप्रसाद आला. आला तो वर तोंड करून! रत्नव्वानं चिमणाबाईचं सांगितलं, तर म्हणाला,

"अगं, प्लगिन सगळ्यांसाठी नेटवर फुकट टाकलं. लोकांना कळायला नमुना लागतो की, म्हणून तुझ्या नोंदी लावल्या. घाईत ध्यानातच आलं न्हाय. हजारोंनी घेतलंय, चिकव्वा! आत्ता काढतो बघ."

"ज्यांनी घेतलंय, त्यांच्याकडनं निघंल?"

तो टॅबवर बोटं फिरवायला लागला. तरी रत्नव्वाचा जीव विरघळला. लेकरू घाईत चुकलं असेल, असं तिनं स्वतःलाच समजावलं.

"काढायच्या आधी लोकांस्नी काय दिसतंय, ते मला दाव," ती म्हणाली.

त्यानं दाखवलं. अक्षर कळत नसलं म्हणून काय झालं, डबे ती अंधारातसुद्धा ओळखायची. झाकण निसटलेला, दोरी बांधलेला, निळ्या रंगाचा, सगळे होते. शेवटपर्यंत गेली, परत वर आली. पहिल्या चौकोनात चिमणाबाईचा डबा. पितळी डबा कुठंच नव्हता.

"शिवा, तुझ्या आईचा डबा रं?"

शिवप्रसाद पुटपुटला, "आईला आवडलं नसतं."

"म्हंजे तुला कळत हुतं," रत्नव्वा म्हणाली. तिनं टॅब त्याच्या हातात दिला आणि कांडपाचं शटर ओढून घेतलं.